आईचं निंदण आणि तुझा चाकू

*‘मावशी, नमस्कार. मी २३ वर्षांची. गाव वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. दीड वर्षापासून नागपूरला एका खाजगी दवाखान्यात बिलिंगला आहे, पगार १४ हजार. खोलीभाडं, मेसचा डबा आणि ऑटो जाऊन हातात फारसं उरत नाही, पण त्याचं एवढं दुःख नाही. दिवसभर ट्यूबलाइटखाली बसून जीव घुसमटतो. दिवाळीत घरी आले की आईसोबत वावरात कापूस वेचायला जाते. पाठ मोडून येते, तरी रात्री जशी झोप लागते तशी नागपुरात वर्षभर लागत नाही. मला मोकळ्यावरचं, मातीतलं काम करायचं आहे. घरची चार एकर कोरडवाहू आहे. आई म्हणते, “माह्यं सारं जिनं निंदनात गेलं, तुह्यं नाही जाऊ देत.” बाबा तर यावर बोलतच नाहीत. वनरक्षकाची भरती द्यावी, संत्र्याची नर्सरी टाकावी, की सरळ घरची शेती करावी? की हे सगळं डोक्यातून काढून टाकावं?’*

पोरी, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तुझ्या आईच्या वाक्यावर थांबले. तिच्यापासूनच सुरू करते.

श्रावणातलं निंदण मी पंधरा वर्षं केलं आहे. सोयाबीनच्या दोन तासांच्या, म्हणजे ओळींच्या, मध्ये उकिडवं बसायचं, उजव्या हातात विळा, डाव्या हाताने केना आणि लव्हाळा मुळासकट ओढायचा, आणि तसंच बसल्या बसल्या पुढे सरकायचं. काळी माती ओली असली की तळपायाला थरावर थर चढतो, पाय उचलला की किलोभर चिखल सोबत येतो. चार दिवसांत बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. रात्री त्यावर तेल-हळद लावायची आणि सकाळी पुन्हा त्याच चिखलात पाय घालायचा. वावर घरचं असलं तर या कामाला मजुरी नाही. दुसऱ्याचं असलं तर रोज मिळतो, पण तोही शेजारच्या तासात डवरा धरणाऱ्या गड्यापेक्षा कमी. आणि इतकं करून कोणी विचारलं की बाई काय करते, तर घरचेच सांगतात, काही नाही, घरीच असते.

तुझी आई मातीला नको म्हणते आहे असं मला वाटत नाही. ज्या कामाला ना नाव, ना पैसा, ना त्यात उद्या कालपेक्षा काही जास्त येईल अशी आशा, ते काम तिला तुझ्या वाट्याला नको आहे. तिचं बरोबर आहे. तुझंही बरोबर आहे. म्हणून तू मला शेती की नोकरी हा जो प्रश्न विचारलास तो मी बाजूला ठेवते. मोकळ्यावरची कामं पुष्कळ आहेत. त्यातलं असं काम धर की जे तुझ्या हातात बसेल, वर्षागणिक वाढेल, आणि सातबारा कोणाच्याही नावावर असला तरी तुझ्यासोबत चालेल.

आधी ती चार एकर. कोरडवाहू कापूस साधारण वर्षी एकरी चार-पाच क्विंटल येतो. पाचच धर. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला होता. तो पूर्ण मिळाला असं समजलं तरी चार एकरांचे एक लाख ६२ हजार होतात. त्यातून सरकी, खत, फवारणी, डवरणी, निंदण आणि वेचाई वजा कर. निम्म्याहून जास्त तिथेच जातं. गुलाबी बोंडअळी लागली किंवा वेचाईच्या तोंडावर पाऊस आला तर हिशेब करायलाही काही राहत नाही. जे उरतं त्यावर तुझ्या घरचं वर्ष निघतं आहे. त्यात तू आणखी दोन हात घेऊन गेलीस तर वावर तुला काम देईल, पगार देणार नाही. बाबा बोलत नाहीत ना, ते हाच हिशेब मनात घोळवत असतील. कास्तकार माणसाला लेकीसमोर हा हिशेब मोठ्याने मांडणं फार जड जातं.

त्यामुळे नोकरी सोडून थेट घरच्या शेतीत उतरू नकोस. शेतीसाठी कर्ज तर या घडीला अजिबात नको.

वनरक्षकाचं म्हणशील तर तू पात्र आहेस. बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय लागतो, तो तुझ्याकडे आहे. मुलींना तीन किलोमीटर धावावं लागतं, त्याला वेळेप्रमाणे गुण असतात, आणि पुढे चार तासांत १६ किलोमीटर चालून दाखवावं लागतं. मुलांना २५. गावातली मुलगी हे सहा महिन्यांच्या सरावात करू शकते, फक्त सराव डांबरी रस्त्यावर न करता पांदणीनं कर, गुडघे टिकतील.

पण वर्दीकडे पाहून जाऊ नकोस, बीटकडे, म्हणजे राखायला मिळतो त्या जंगलाच्या तुकड्याकडे, पाहून जा. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा जंगलातल्या आगीचा हंगाम. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदू चांगला फुटावा म्हणूनही आगी लावतात, आणि ४४ अंशांच्या दुपारी ती आग विझवायला वनरक्षक आणि हंगामी मजूर पायी जातात. पावसाळ्यात पायी गस्त, हिवाळ्यात प्राण्यांच्या खुणा आणि विष्ठा शोधत ठरलेल्या रेषेवरून चालणं. २०२१ च्या नोव्हेंबरात ताडोबात व्याघ्रगणनेच्या अशाच कामावर असताना एका महिला वनरक्षकाचा वाघाच्या हल्ल्यात जीव गेला. तुला भिववायला हे सांगत नाही. हे जंगल तुला जवळून माहीत असावं असं वाटतं. बोर व्याघ्र प्रकल्प तुझ्याच जिल्ह्यात आहे. एखाद्या रविवारी तिथल्या गेटवर जा, कामावरच्या महिला वनरक्षक भेटतील. त्यांना रजा कधी मिळते, बाळंतपणानंतर बीटवर कसं निभावलं, रात्रीच्या गस्तीला सोबत कोण असतं, हे विचार. मी सांगण्यापेक्षा त्या खरं सांगतील.

आणि भरतीच्या तयारीत पाच-सहा वर्षं घालवलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. अभ्यासिकेत खुर्ची, भाड्याची खोली, एका मार्काने गेलेली यादी. तू दोनच भरत्या दे आणि त्याही काम करता करता दे.

आता नर्सरी. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण माझं पोट तीस वर्षं त्याच्यावर चाललं.

तुझ्या तालुक्यातून वर्धा नदी ओलांडली की वरूड-मोर्शीचा संत्र्याचा पट्टा लागतो. तिथल्या शेंदूरजना घाटात वाडी-वाडीला रोपवाटिका आहेत. मी लग्न होऊन त्या भागात आले तेव्हा एका रोपवाटिकेत रोजाने जाऊ लागले. आम्ही बायका पिशव्या भरायचो, रोपांतलं गवत काढायचो, पाणी घालायचो. डोळे बांधायला, म्हणजे कलमा करायला, माणसं यायची. त्यांना कलमेमागे पैसे मिळायचे आणि आमच्या दिवसाच्या रोजाएवढं ते जेवणाच्या सुट्टीपर्यंतच कमवायचे. मी मालकाला एकदा म्हटलं, मलाही चाकू द्या. ते हसले आणि म्हणाले, बाईचा हात कापायचा. सगळा सैपाक विळीवर करणाऱ्या बाईला ते असं म्हणाले. ते शब्द मला अजून आठवतात.

मग मी घरी, धुऱ्यावरच्या गावठी बोरीवर शिकले. पहिल्या शंभर डोळ्यांतले बावीस लागले. दुसऱ्या वर्षी साठ. तिसऱ्या वर्षी त्याच रोपवाटिकेचा माणूस मला बोलवायला आला.

डोळा बांधणं म्हणजे काय ते तू पुस्तकात वाचलं असशील, आता हाताने कसं होतं ते सांगते. खुंट, म्हणजे ज्यावर डोळा बसवायचा ते रोप, रंगपूर लिंबाचा किंवा जंबेरीचा. तो पेन्सिलीएवढा जाड झाला की तयार. जमिनीपासून वीतभर वर, म्हणजे २५-३० सेंटिमीटरवर, सालीला टी आकाराचा काप द्यायचा. नुसती साल कापली गेली पाहिजे, लाकडाला धार लागता कामा नये. चाकूच्या मागच्या टोकाने साल दोन्हीकडे अलगद उचलायची. खाली ओलसर, गुळगुळीत, पांढुरकं दिसतं. तुझ्या पुस्तकातलं कॅम्बियम तेच, आणि वारा लागून ते वाळायच्या आत तुझं काम झालं पाहिजे. मातृवृक्षाच्या काडीवरून ढालीच्या आकाराचा डोळा काढायचा, पानाचा देठ मुठीसारखा तसाच ठेवायचा, त्याला धरून डोळा वरून खाली सरकवायचा, आणि प्लास्टिकच्या पट्टीने खालून वर घट्ट बांधायचं, डोळ्याचं टोक तेवढं मोकळं ठेवून. वीस-एकवीस दिवसांनी पट्टी सोडली की कळतं. डोळा हिरवा असला तर लागला, काळा पडला तर गेला. तो हिरवा ठिपका पाहून मला आजही बरं वाटतं.

वीतभर वर का, हे कधी विसरू नकोस. संत्र्याला डिंक्या लागतो तो मातीतल्या बुरशीमुळे. पावसाच्या थेंबासोबत माती उडते, खोडाला चिकटते आणि बुरशी सालीत शिरते. खुंट तिला थोडाफार सोसतो, वरचा संत्रा सोसत नाही. जोड खाली बांधली की ती मातीच्या टप्प्यात येते. काही लोक कलम लवकर उरकावी म्हणून चार बोटांवर बांधतात आणि पावसाळ्यात बिनधास्त विकतात. घेणाऱ्याला तेव्हा काहीच दिसत नाही. तो सहा बाय सहा मीटरवर हेक्टरी २७७ झाडं लावतो, पाच वर्षं पोरासारखी जपतो, आणि बहार धरायच्या वेळेला खोडातून डिंक गळायला लागतो. त्या माणसाची पाच वर्षं कोण परत देणार? कलम बांधणाऱ्याच्या हातात हे असतं. म्हणून सांगते, हे काम वरून साधं दिसलं तरी तुझ्यासारख्या शिकलेल्या, मनाने हळव्या मुलीने करण्यासारखं आहे. काडी कोणत्या झाडाची, खुंटाचं बी कुठलं, पिशवीतली माती उन्हात तापवून घेतली का, हे विचारणारं माणूस त्या शेडमध्ये पाहिजे आहे.

मात्र ‘नर्सरी टाकावी’ हा विचार आत्ता नको. त्याला बारमाही पाणी लागतं, कृषी खात्याचा परवाना लागतो, आणि बी टाकल्यापासून कलम विकेपर्यंत दोन वर्षांच्या आसपास पैसा अडकतो. वरूड-मोर्शीत उपसा इतका झाला आहे की २०१९ च्या उन्हाळ्यात तिथल्या संत्र्याच्या बागा उभ्या वाळल्या. तुझं वावर तर कोरडवाहू. शेड आणि पाणी पुढचं पुढे बघू, आधी चाकू शिकून घे. ज्याला सफाईने डोळा बांधता येतो त्याला हंगामात काम शोधत फिरावं लागत नाही. हाच हात लिंबू, मोसंबी, बोरीवरही चालतो, आणि आंब्याची पद्धत वेगळी असली तरी एका हंगामात जमते.

तू नागपूरला आहेस याचा फायदा घे. अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिथे रोगमुक्त कलमा कशा तयार करतात ते सुट्टीच्या दिवशी जाऊन पाहा. वर्ध्याजवळ सेलसुऱ्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथल्या प्रशिक्षणांची चौकशी कर. बी.एस्सी. झालेली मुलगी हातात चाकू धरायला तयार आहे म्हटल्यावर ते लोक जीव लावून शिकवतील.

फवारणीच्या ड्रोनबद्दल तू विचारलं नाहीस, पण कोणीतरी सुचवेलच. दहावी पास आणि १८ वर्षं पूर्ण असली की प्रशिक्षण घेऊन पायलटचं प्रमाणपत्र मिळतं, आणि पाठीवरच्या पंपापेक्षा ते शंभरपट बरं. मशीन मात्र गटाचं किंवा कंपनीचं असावं, तुझ्या नावावरच्या कर्जाचं नसावं.

पंपाचा विषय निघाला म्हणून हे आईलाही वाचून दाखव. २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्या वर्षी कापसाची पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, फवारा वर धरावा लागत होता, आणि तोच तोंडावर-छातीवर येत होता. अंगावर साधा सदरा, कोणी दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. घरी कितीही घाई असली तरी तू फवारायला जाऊ नकोस, आणि फवारलेल्या वावरात आईला लगेच निंदायला पाठवू नका. डब्यावरचा त्रिकोण पाहायची सवय लाव. लाल म्हणजे सगळ्यात जहाल.

मोकळ्यावर काम करायचं तर शरीर सांभाळायची शिस्त लागते, आणि मुलींना ही गोष्ट कोणी सांगत नाही. बायका वावरात पाणी कमी पितात, कारण लघवीला आडोसा नसतो. मग जळजळ, ताप, पुढे मूतखडे. कामाच्या जागी आडोसा मागायला लाजू नकोस, तो तुझ्या रोजाइतकाच महत्त्वाचा आहे. मे महिन्यात पहाटे लागायचं आणि अकराला सावली धरायची. पावसाळ्यात गमबूट घाल आणि अंधारात विजेरीशिवाय पाऊल टाकू नकोस. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांच्या विषावर सरकारी रुग्णालयात प्रतिविषाचं इंजेक्शन मिळतं. सुरी, दोरी, मांत्रिक यांत एक मिनिटही घालवायचं नाही. आणि गवतात काम केल्यावर ताप आला तर अंगावर कुठे काळी खपली दिसते का ते पाहा, काखेत, जांघेत, कमरेपाशी. स्क्रब टायफस असू शकतो. वेळेवर कळला तर साध्या गोळ्यांनी बरा होतो, अंगावर काढला तर माणूस जातो.

लोक काय म्हणतील त्यावर मी फार लिहीत नाही. पहिली दोन वर्षं बोलतील. मग त्यांच्याच पोराला कलमा पाहिजे असतील तेव्हा तुझा फोन नंबर मागतील.

बाबांशी मात्र एक बोलणं तुला करावंच लागेल आणि ते सातबाऱ्याचं आहे. तुझ्या आईचं नाव त्यावर आहे का ते पाहा. नवऱ्याने तयारी दाखवली तर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावायची लक्ष्मी मुक्ती योजना आपल्या राज्यात १९९२ पासून आहे, अर्ज तलाठ्याकडे करायचा असतो. आणि जमीन वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीप्रमाणे तुझा हक्क तुझ्या भावाइतकाच आहे. भांडायला जाऊ नकोस. पोळ्याच्या दिवशी बाबांचा जीव मऊ असतो, बैल धुताना त्यांच्या बाजूला उभी राहा आणि आईपासून विषय काढ. ‘आईचं नाव लावू या का?’ एवढंच विचार. तुझ्या हक्काचं नंतर. उद्या रोपवाटिकेचा, विहिरीचा, कशाचाही अर्ज करायचा म्हटलं तर पहिला कागद तोच मागतात.

आता काय करायचं ते सांगते. राजीनामा देऊ नकोस. थंडी पडली की डोळे बांधायचा हंगाम सुरू होतो, तो फेब्रुवारीपर्यंत चालतो. डिसेंबरात पंधरा दिवसांची रजा काढ, बिनपगारी तर बिनपगारी. नदीपलीकडे एखाद्या रोपवाटिकेत जा आणि पहिल्याच दिवशी मालकाला सांग की मी पिशव्या भरीन, पण दुपारनंतर मला चाकू शिकवायचा. नाही म्हणाला तर दुसरीकडे जा. आता बायका बांधतात अशा रोपवाटिका आहेत, माझ्या काळासारखं राहिलं नाही. रात्री लिंबाच्या काड्यांवर सराव कर. हात कापेल, दोन-तीनदा तरी कापेल.

आणि आईला दोन दिवस सोबत ने. नुसतं तिला दाखवायचं म्हणून नव्हे. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटं न फाडता पाचही पाकळ्यांतला कापूस एका चिमटीत काढणारा तो हात आहे. पट्टी बांधायला असाच हात लागतो, दोन बोटांत ताण धरून, डोळा न हलवता. तू काप दे, तिला बांधू दे. जानेवारीत पट्ट्या सुटल्या की मला कळव, शंभरातले किती हिरवे निघाले, आणि त्यातले तिने बांधलेले किती.

तुझी,
मावशी